जहाजावरची नोकरी शोधताना : क्रू ऑफिसच्या टेबलावरून

जहाजावर नोकरी हवी असणाऱ्या माणसाचा पहिला मेल बहुतेकदा असा असतो : "कुठलीही रँक चालेल, कुठलंही जहाज चालेल, कधीही जायला तयार आहे." त्यामागची निकड मला कळते. पण वाचणाऱ्याच्या हाती त्यातून काही लागत नाही. मी आधी डेकवर होते. थर्ड मेट (डेकवरची कनिष्ठ अधिकारी) म्हणून सुरुवात केली, चीफ मेटपर्यंत पोचले, मग किनाऱ्यावर क्रूइंगच्या, म्हणजे जहाजांना माणसं पुरवण्याच्या, कामात आले आणि असे मेल उघडणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग झाला. त्या टेबलावर "एक खलाशी पाहिजे" अशी मागणी कधीच येत नाही. मागणी येते ती अशी : अमुक केमिकल टँकरवरचा सेकंड मेट पुढच्या महिन्याच्या दहा तारखेच्या आसपास उतरणार आहे, त्याच्या जागी टँकरचं ॲडव्हान्स्ड प्रमाणपत्र असलेला, या रँकवर निदान एक कॉन्ट्रॅक्ट केलेला, कागद तयार असलेला माणूस द्या.

म्हणजे रँक, जहाजाचा प्रकार आणि तारीख. तुमच्या अर्जातून या तिन्हींची उत्तरं पहिल्या अर्ध्या मिनिटात मिळाली तर तो पुढे सरकतो. मेलच्या विषयातच लिहा : "सेकंड मेट, ऑइल आणि केमिकल टँकर, १० मार्चपासून उपलब्ध". एवढ्या एका ओळीने तुम्ही निम्म्या गर्दीच्या पुढे जाता, कारण बाकीच्यांच्या मेलचा विषय "नोकरीसाठी अर्ज" एवढाच असतो.

आधी कागद, मग अर्ज

पासपोर्ट, नाविक पुस्तिका, वैद्यकीय प्रमाणपत्र, एसटीसीडब्ल्यूची प्रमाणपत्रं आणि अधिकारी असाल तर सीओसी, म्हणजे सक्षमता प्रमाणपत्र. हे सगळं तुमच्याकडे असतंच. प्रश्न असतो मुदतीचा. क्रू ऑफिस आजची तारीख बघत नाही, कॉन्ट्रॅक्ट संपेल ती तारीख बघतं आणि त्यावर आणखी काही महिने धरतं, कारण जहाज ठरल्या दिवशी ठरल्या बंदरात पोचेलच असं नाही. नऊ महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टसाठी सात महिने उरलेला पासपोर्ट कामाचा नाही. म्हणून एका कागदावर प्रत्येक प्रमाणपत्राचं नाव, क्रमांक, दिल्याची तारीख आणि संपण्याची तारीख लिहून ठेवा. वर्षभरात संपणारं काहीही दिसलं तर त्याच्या नूतनीकरणाला आधी लागा, मग अर्ज पाठवा.

एसटीसीडब्ल्यू हा नाविकांच्या प्रशिक्षण आणि प्रमाणपत्रांबाबतचा १९७८ चा आंतरराष्ट्रीय करार. त्यात २०१० मध्ये मनिला इथे मोठ्या दुरुस्त्या झाल्या आणि आजची प्रमाणपत्रं त्या चौकटीत बसतात. जहाजावर नेमून दिलेलं काम करणाऱ्याला मूलभूत सुरक्षा प्रशिक्षण लागतंच : समुद्रात जीव वाचवणं, आग विझवणं, प्राथमिक उपचार आणि व्यक्तिगत सुरक्षितता व सामाजिक जबाबदारी. यातल्या जीवरक्षण आणि अग्निशमन या दोन भागांत आपली तयारी टिकून आहे हे दर पाच वर्षांनी दाखवावं लागतं. पाच वर्षांची ही तारीख लोक हमखास विसरतात आणि ऐन तिकीट निघायच्या वेळी ती पुढे येते.

वैद्यकीय प्रमाणपत्र जास्तीत जास्त दोन वर्षं चालतं. वय अठराच्या खाली असेल तर एकच वर्ष. ते फार आधी काढून ठेवू नका. बऱ्याच कंपन्यांना आपल्या यादीतल्या डॉक्टरकडूनच तपासणी हवी असते, त्यामुळे घाईने केलेला खर्च पुन्हा करावा लागतो.

अधिकाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. तुमचं सीओसी एका देशाचं आणि जहाजाचा झेंडा (म्हणजे नोंदणी) दुसऱ्या देशाचा असेल, तर त्या झेंड्याच्या देशाकडून मान्यतेचं एंडोर्समेंट लागतं. त्यासाठी अर्ज केल्याचा पुरावा जवळ असेल तर ते हातात येण्यापूर्वीही तीन महिन्यांपर्यंत काम करू द्यायची सोय करारात आहे. हा अर्ज सहसा कंपनी करते, पण तुमच्याकडे कुठल्या झेंड्यांची एंडोर्समेंट्स आधीच आहेत हे बायोडेटात लिहा. घाईची रिलीफ (उतरणाऱ्याच्या जागी दुसरा माणूस पाठवणं) असली की यावरून निवड झालेली मी पाहिली आहे.

सी सर्व्हिसचा तक्ता

बायोडेटातला सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे सी सर्व्हिसचा, म्हणजे जहाजांवर काढलेल्या काळाचा, हा तक्ता. "मेहनती", "जबाबदार", "संघभावनेने काम करणारा" हे शब्द सगळेच लिहितात, त्यामुळे त्यांवरून कुणाची निवड होत नाही. तक्त्यात प्रत्येक जहाजासाठी एक ओळ असावी : जहाजाचं नाव, आयएमओ क्रमांक (जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक), प्रकार, टनेज, कंपनी, झेंडा, तुमची रँक, साइन ऑनची (चढल्याची) तारीख, साइन ऑफची (उतरल्याची) तारीख. इंजिनवाल्यांनी मुख्य इंजिनाची बनावट आणि किलोवॅट लिहायलाच हवेत, कारण इंजिनाच्या सीओसीची मर्यादा किलोवॅटवरच ठरते. डेकवाल्यांनी इक्डिस (इलेक्ट्रॉनिक नकाशाची यंत्रणा) कुठल्या बनावटीचं वापरलं, क्रेनवर काम केलं का, टँक क्लीनिंग केलं का, अशा दोन-तीन ठोस गोष्टी खाली जोडाव्यात. ताजं जहाज सगळ्यात वर.

तारखा नाविक पुस्तिकेतल्या नोंदींशी दिवसागणिक जुळल्या पाहिजेत. एक कॉन्ट्रॅक्ट तीन महिन्यांत संपलेलं असेल तर कारण स्वतःहून लिहा : आजारपण, जहाज विकलं गेलं, घरात कुणाचा मृत्यू झाला. दोन वर्षांचा खंड असेल तर तोही लिहा. खंड दिसला म्हणून मी कुणाचा अर्ज बाजूला ठेवला नाही. तारखा ओढूनताणून जुळवलेल्या दिसल्या की मात्र ठेवला, कारण जो कागदावर सी टाइम (समुद्रावरचा काळ) वाढवतो तो पुढे विश्रांतीच्या तासांची नोंदही तशीच भरेल, ही भीती खरी असते.

सगळं मिळून दोन पानं आणि एकच पीडीएफ. फाइलच्या नावात तुमचं नाव आणि रँक असू द्या. प्रमाणपत्रांचे स्कॅन वेगळ्या फाइलमध्ये, सरळ आणि वाचता येतील असे.

पहिल्यांदाच चढणाऱ्यांसाठी

इथे मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण सगळ्यात जास्त पैसे आणि वर्षं याच टप्प्यावर वाया जातात.

बीआयएमसीओ आणि इंटरनॅशनल चेंबर ऑफ शिपिंग या जहाज उद्योगाच्या संघटनांच्या २०२१ च्या अहवालात जगातल्या व्यापारी जहाजांवर सुमारे १८ लाख ९० हजार नाविक असल्याचा अंदाज होता आणि प्रमाणित अधिकाऱ्यांचा तुटवडा असल्याचंही म्हटलं होतं. ही बातमी जाहिरातींत लगेच येते : "अधिकाऱ्यांची टंचाई, आजच प्रवेश घ्या." टंचाई आहे ती अनुभवी अधिकाऱ्यांची, त्यातही टँकर आणि गॅस जहाजांवरच्या. कॅडेटच्या (शिकाऊ अधिकाऱ्याच्या) जागा मोजक्याच असतात, कारण प्रत्येक कॅडेटला जहाजावर केबिन लागते आणि त्याला शिकवायला कुणाचा तरी वेळ लागतो.

डेक अधिकाऱ्याचं पहिलं सीओसी मिळवायचं तर मान्यताप्राप्त प्रशिक्षणाच्या वाटेने किमान बारा महिने सी टाइम लागतो आणि त्यातले सहा महिने ब्रिजवरच्या (जहाज जिथून चालवतात त्या जागेवरच्या) वॉचचे, म्हणजे पाळीचे, असावे लागतात. ट्रेनिंग रेकॉर्ड बुक नसेल तर हाच आकडा छत्तीस महिने होतो. म्हणजे वर्गातला अभ्यास पूर्ण झाला आणि जहाज मिळालं नाही, तर तुम्ही अर्ध्या वाटेवर अडकता. म्हणून संस्थेची फी भरण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा : ऑनबोर्ड ट्रेनिंगची जागा कोणती कंपनी देणार आणि ते लेखी कुठे आहे? "शंभर टक्के सहाय्य" हे उत्तर मिळालं तर ती हमी नव्हे. शक्य असेल तर कंपनीचीच कॅडेट निवड आधी द्या, स्पॉन्सरशिप मिळवा आणि मग प्रवेश घ्या. वाट लांबची वाटते, पण पुढे जहाजाची वाट बघत बसावं लागत नाही.

रेटिंगची, म्हणजे अधिकारी नसलेल्या खलाशांची, वाट वेगळी. ओएस (ऑर्डिनरी सीमन) म्हणून चढायचं, सहा महिन्यांच्या सी टाइमनंतर वॉचकीपिंगचं प्रमाणपत्र घ्यायचं (मान्यताप्राप्त प्रशिक्षण असेल तर दोन महिने पुरतात), आणि त्यानंतर अठरा महिने वॉचवर काढले, किंवा प्रशिक्षणासह बारा, की एबी (एबल सीमन). जी जिद्दीची मुलं पुढे अधिकारी होतात ती याच शिडीने वर येतात, आणि त्यांना डेकची अंगाअंगाने ओळख असते. मला स्वतःला असे अधिकारी वॉचवर फार आवडायचे.

हातात किनाऱ्यावरचं कसब असेल तर तिसरी वाट आहे आणि ती फार कुणी सांगत नाही. चांगला वेल्डर फिटर म्हणून जाऊ शकतो. इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सचं पक्कं शिक्षण असेल तर ईटीओचा (इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसरचा) विचार करा; नव्या जहाजांवर ऑटोमेशन वाढलंय आणि हा माणूस सगळ्यांनाच हवा असतो. स्वयंपाक येणाऱ्याने शिप्स कुकची पात्रता घ्यावी. किमान मनुष्यबळ दहा किंवा त्याहून जास्त ठरवून दिलेल्या जहाजांवर पात्र कुक ठेवणं सागरी कामगार करारानुसार बंधनकारक आहे.

कोर्स गोळा करत बसू नका. मूलभूत प्रशिक्षण, सुरक्षा जागरूकतेचा कोर्स आणि टँकरवर जायचं असेल तर टँकरचा बेसिक कोर्स, एवढ्यावर सुरुवात होते. डीपीचे (जहाज एकाच जागी स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेचे), हेलिकॉप्टर अपघातातून सुटकेचे कोर्स ऑफशोअरची, म्हणजे समुद्रातल्या तेलक्षेत्रांवरची, जागा समोर दिसल्यावर करा.

कुठलं जहाज

"मिळेल ते" असं म्हणण्याआधी थोडं थांबा. टँकर भाड्याने घेणाऱ्या तेल कंपन्या अधिकाऱ्यांचा तक्ता तपासतात : या रँकवर किती वर्षं, या प्रकारच्या जहाजावर किती वर्षं, या कंपनीत किती वर्षं. त्यामुळे टँकरचा अनुभव असलेल्याला टँकरवर मागणी राहते आणि बल्क कॅरियरवरून (सुटा माल नेणाऱ्या जहाजावरून) वरच्या रँकवर टँकरमध्ये शिरणं अवघड जातं. प्रकार बदलायचा असेल तर खालच्या रँकवर असतानाच बदला. चीफ मेट झाल्यावर बदलायचं म्हटलं तर बहुतेक वेळा एक पायरी खाली उतरून जावं लागतं.

कंटेनर जहाजांवर बंदरातले तास फार थोडे आणि धावपळीचे. बल्क कॅरियरवर बंदरात दिवस जास्त, पण होल्ड (माल ठेवायची कोठारं) धुण्याचं कष्टाचं काम. ड्रेजर, टग, फेरी यांवर कॉन्ट्रॅक्ट आखूड आणि घर जवळ, पण मोठ्या जहाजांच्या सीओसीसाठी तो सी टाइम पूर्ण धरला जाईल का, हे आधी आपल्या सागरी प्रशासनाकडून विचारून घ्या.

कुणाला विचारायचं

जहाजमालक कंपन्या, जहाजांचं व्यवस्थापन करणाऱ्या कंपन्या आणि मॅनिंग (खलाशी पुरवणारे) एजंट, या तीन दारांवर काम मिळतं. काही ठिकाणी युनियनच्या हायरिंग हॉलमधूनही मिळतं. एजंट परवानाधारक आहे का, हे तुमच्या देशाच्या सागरी प्रशासनाच्या यादीत बघा, एजंटच्या भिंतीवरच्या फ्रेममध्ये नव्हे.

रिलीफची आखणी साधारण दोन-तीन महिने आधी होते. म्हणून उपलब्ध होण्याच्या तारखेच्या तीन महिने आधी पहिला अर्ज पाठवा आणि नंतर दर दोन-तीन आठवड्यांनी एक छोटा मेल किंवा फोन करा. त्यात नवं काही तरी असू द्या : मेडिकल झालं, व्हिसा मिळाला, तारीख आठवडाभर अलीकडे आली. रोज फोन करणाऱ्याचं नाव लक्षात राहतं, पण चांगल्या कारणाने नाही.

जुन्या जहाजावरच्या लोकांशी संपर्क ठेवा. "हा बोसन माझ्याबरोबर होता, डोळे झाकून घ्या," असं डेकवरच्या खलाशांच्या एखाद्या मुकादमाबद्दल कॅप्टनने सांगितलं की अर्ज वरच्या गठ्ठ्यात जातो. यात वशिला काही नाही. महिनोन् महिने एकत्र वॉच केलेल्या माणसाचं मत कुठल्याही बायोडेटापेक्षा जास्त सांगतं.

पैसे मागितले तर

२००६ च्या सागरी कामगार करारात, म्हणजे एमएलसीत, हे स्पष्ट आहे : नोकरी लावून देण्यासाठी नाविकाकडून फी घेता येत नाही. तुमच्या खिशातून जाऊ शकतो तो खर्च वैधानिक वैद्यकीय प्रमाणपत्राचा, नाविक पुस्तिकेचा आणि पासपोर्टसारख्या प्रवासी कागदांचा. व्हिसाचा खर्च जहाजमालकाचा. "सर्व्हिस चार्ज", "डिपॉझिट", "फाइल चार्ज", नाव काहीही द्या, ती फीच. कर्ज काढून असे पैसे भरलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांतल्या काहींना जहाज मिळालंच नाही आणि काहींना असं मिळालं की न मिळालेलं बरं. घरच्यांनाही हा नियम आधीच सांगून ठेवा, कारण पैसे बहुतेकदा तेच उभे करतात.

ऑफर लेटर आलं की जहाजाचा आयएमओ क्रमांक बघा. तो सात आकडी असतो, जहाजाचं नाव, मालक, झेंडा बदलला तरी बदलत नाही, आणि त्याची घरबसल्या तपासणी होते. पहिल्या सहा आकड्यांना क्रमाने ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा आणि बेरीज करा. बेरजेचा शेवटचा आकडा हाच सातवा आकडा असायला हवा. उदाहरणार्थ ९०७४७२९ : ६३, ०, ३५, १६, २१ आणि ४, बेरीज १३९, शेवटचा आकडा ९. जुळलं. जुळलं नाही तर लेटर खोटं किंवा निष्काळजीपणे लिहिलेलं, दोन्हींत थांबायला कारण आहे. जुळलं तरी काम संपत नाही, कारण खऱ्या जहाजाचा क्रमांक खोट्या लेटरवर टाकता येतो. मग कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर दिलेल्या पत्त्यावर, लेटरमधल्या पत्त्यावर नव्हे, मेल करून खात्री करून घ्या.

तोच क्रमांक इक्वासिस या मोफत संकेतस्थळावर टाका. जहाज किती जुनं, मालक कोण, विम्यासाठी कुठला पीअँडआय क्लब, कुठल्या बंदरातल्या तपासणीत अडकवून ठेवलं होतं का, हे तिथे दिसतं. पॅरिस आणि टोकियो एमओयूच्या (बंदरांत जहाजं तपासण्यासाठी देशांनी केलेल्या करारांच्या) नोंदींवरून त्या झेंड्याची एकूण पत कळते. नाविकांना वाऱ्यावर सोडून दिलेल्या जहाजांची यादी आंतरराष्ट्रीय कामगार संघटना (आयएलओ) सार्वजनिक ठेवते. मालकाचं नाव तिथे शोधा. आयटीएफच्या (वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या) संकेतस्थळावर जहाजाला युनियनचा करार लागू आहे का, ते दिसतं. सगळं मिळून तासाभराचं काम आहे. एकाच वर्षात तीनदा डिटेन झालेलं जुनं जहाज, नुकताच बदललेला झेंडा आणि मालक, असं चित्र दिसलं तर नाही म्हणा, महिनाभर घरी बसावं लागलं तरी.

मूळ प्रमाणपत्रं पोचपावतीशिवाय कुणाकडे ठेवू नका. "आत्ता टुरिस्ट व्हिसावर या, पुढचं तिथे बघू" असं कुणी म्हटलं तर जाऊ नका.

मुलाखत

बऱ्याच कंपन्या आधी संगणकावर परीक्षा घेतात : ज्ञानासाठी सीईएस, इंग्रजीसाठी मार्लिन्स. त्यानंतर तुमच्याच विभागातला कुणी तरी समोर बसतो. मी मेटना कॉलरेगचे (समुद्रावर टक्कर टाळण्याचे) नियम पाठ म्हणायला सांगत नसे. विचारायचे, "समोरून येणारं जहाज उजवीकडे वळेल असं वाटत होतं आणि वळलं नाही, असं कधी झालं? तेव्हा काय केलंत?" एबीला विचारायचे, "बंदिस्त टाकीत उतरण्याआधी शेवटच्या जहाजावर तुम्ही स्वतः काय काय तपासलंत?" पुस्तकातलं उत्तर आणि केलेल्या माणसाचं उत्तर लगेच वेगळं ऐकू येतं. केलेला माणूस सांगतो की मीटर कुणाच्या हातात होता, ऑक्सिजन वर, मध्ये आणि तळाशी मोजला का, तोंडाशी कोण उभं होतं. जे केलंच नाही ते "केलेलं नाही, पण पद्धत माहीत आहे" असं सांगा. त्या उत्तराने माझ्याकडे तरी कुणाची नोकरी गेली नाही.

तुम्हीही प्रश्न विचारा. कॉन्ट्रॅक्ट किती महिन्यांचं, रिलीफ वेळेवर मिळते का, जहाजावर नेटची सोय काय. मुलींना खास सांगते : जहाजावर दुसरी बाई आहे का, केबिनला स्वतंत्र बाथरूम आहे का, तक्रार कुणाकडे करायची आणि किनाऱ्यावर थेट कुणाशी बोलता येतं, हे मुलाखतीतच विचारा. जहाजावर तक्रारीची पद्धत असणं आणि तिची प्रत तुम्हाला मिळणं, हा एमएलसीने दिलेला हक्क आहे. या प्रश्नांनी कपाळावर आठी पाडणारी कंपनी तुमच्या कामाची नाही.

सही करण्याआधी

सागरी रोजगार करार वाचायला आणि त्यावर सल्ला घ्यायला वेळ मिळणं हाही हक्क आहे. विमानतळावर हातात कागद ठेवून "इथे सही करा" म्हटलं तरी वाचा. मालकाचं नाव आणि पत्ता, तुमची रँक, पगार, भरपगारी रजा, करार संपवण्याच्या अटी, आजारपण आणि परतीच्या प्रवासाचा खर्च, सगळं लिहिलेलं असायला हवं. दोन्ही बाजूंच्या सह्या झालेली मूळ प्रत तुमच्याकडे राहते. पगाराच्या रकमेत मूळ वेतन, ओव्हरटाइम आणि रजेचे पैसे वेगळे दाखवलेत का ते बघा, नाहीतर दोन कंपन्यांची तुलनाच होत नाही. अंदाजासाठी : आयएलओने ठरवलेलं एबीचं किमान मूळ वेतन २०२५ मध्ये महिना ६७३ डॉलर होतं, ओव्हरटाइम आणि रजेचे पैसे त्याच्या वर.

दोन महिने पगार आला नाही तर एमएलसीनुसार ते नाविकाला सोडून दिल्यासारखं धरलं जातं. त्यासाठी मालकाने घेतलेल्या आर्थिक हमीचं प्रमाणपत्र जहाजावर लावलेलं असतं. चढल्या दिवशी त्याचा फोटो काढून घरी पाठवा, सोबत करार आणि आयएमओ क्रमांकही. आयएसडब्ल्यूएएन या नाविकांच्या कल्याणासाठी काम करणाऱ्या संस्थेची सीफेररहेल्प ही मदतसेवा चोवीस तास चालते. तिचा नंबर फोनमध्ये ठेवा आणि घरच्यांनाही द्या.

पुढच्या नोकरीचे कागद याच जहाजावर तयार होतात. उतरायच्या आठवडाभर आधी कॅप्टनकडे जाऊन नाविक पुस्तिकेतली नोंद, शिक्का, रँक आणि तारखा तपासा. सी सर्व्हिसचं पत्र मागा. इंजिनवाल्यांनी त्यात किलोवॅट आणि वॉचचे महिने लिहून घ्यावेत. अप्रेझलची (कामाच्या मूल्यमापनाची) प्रत घ्या. गँगवे उतरल्यावर दुरुस्तीसाठी तोच कॅप्टन गाठणं फार अवघड जातं. घरी पोचलात की त्याच आठवड्यात तक्त्यात नवी ओळ घाला आणि क्रू ऑफिसला पुन्हा कधीपासून उपलब्ध आहात ती तारीख कळवा.